औषधांचं बिल आणि ताटातला भात

पत्र, थोडक्यात:

"आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहतो. माझं वय 46. यजमान 54 वर्षांचे, सहा वर्षांपासून साखर आणि प्रेशर. सासूबाई 76 वर्षांच्या, त्यांनाही प्रेशर. दोघांच्या गोळ्यांना महिन्याला साधारण 3,400 रुपये जातात. मुलगा मुंबईत नोकरीला आहे. तो काळजीपोटी दर महिन्याला पार्सल पाठवतो: ओट्स, मल्टिग्रेन बिस्किटं, शुगरफ्री कुकीज, प्रोटीन पावडर, ज्यूसचे खोके. त्याचेही दोनेक हजार होतात. तो म्हणतो, 'बाबांनी हेल्दी खाल्लं तर औषधं सुटतील.' यजमान म्हणतात, 'गोळी घेतो ना, मग जेवणात कशाला ढवळाढवळ?' सासूबाईंचं एकच, 'आमी जल्मभर भातच खाल्लो, आमका काय झाला?' चांगलंचुंगलं खाल्ल्याने दवाखान्याचा खर्च खरंच कमी होतो, की हे पैसेवाल्यांचं काम? आणि आमच्यासारख्यांनी नेमकं रांधायचं काय? माझी स्वतःची काही तक्रार नाही, सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं खाते. फक्त हल्ली घाटी चढताना दम लागतो."

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर मला बोलायचं आहेच. पण तुम्ही प्रश्न दुसरा विचारलाय, म्हणून आधी त्याचं उत्तर.

हो, खर्च कमी होतो. पण मुलगा म्हणतो तसा नाही. 'औषधं सुटतील' असं वचन तुमच्या घरी कुणी देऊ नये, आणि दिलं तर तुम्ही धरून बसू नये. सहा वर्षं मुरलेली साखर आहे. जेवण सुधारलं, वजन उतरलं, चालणं वाढलं की काहींच्या गोळ्या डॉक्टर कमी करतात, काहींच्या तेवढ्याच राहतात. त्या 3,400 रुपयांत फार तर थोडा फरक पडेल. मोठी बचत मेडिकलच्या बिलावर दिसतच नाही. ओरोसच्या, कोल्हापूरच्या, गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यांच्या ज्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, तिथे ती असते.

सिंधुदुर्गात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. किडनीने हात टेकले की आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस. उपचार योजनेतून मोफत झाला तरी गावातून गाडी करायची, सोबत एक माणूस, त्या माणसाचा बुडालेला रोज, दिवसभराचं बाहेरचं खाणं, आणि हे आयुष्यभर. पायाची जखम चिघळली की ड्रेसिंग, अँटिबायोटिक, प्रसंगी बोट काढणं. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला की लेझर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्याचा मोठा आधार आहे. पण ती योजना दवाखान्यातल्या ठरावीक मोठ्या उपचारांसाठी. महिन्याच्या गोळ्या, किरकोळ तपासण्या, गाडीभाडं, बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. 2021-22 च्या सरकारी हिशेबानुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून भरले. त्याच्या आठ वर्षं आधी हा आकडा 64.2 होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातले चाळीस रुपये घरातूनच जातात.

आता यजमानांचं म्हणणं. गोळी आहे, मग जेवण कशाला बदलायचं? त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली साखरेची. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. 2000 साली त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी असते, तिचा आकडा एका टक्क्याने खाली असेल तर डोळे, किडनी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास 37 टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे साडेआठवरून साडेसातवर येणं ही छोटी गोष्ट नाही. नुसत्या गोळीवर तो एक टक्का मिळत नसेल तर डॉक्टर गोळी वाढवतात, आणि बिल तिथेच वाढतं.

दुसरी प्रेशरची. 1997 साली अमेरिकेत 459 माणसांना आठ आठवडे ठरवून जेवण दिलं गेलं. एका गटाला भरपूर भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, अख्खी धान्यं, कडधान्यं, आणि तुलनेच्या गटाला तिथलं नेहमीचं जेवण. मीठ दोन्हीकडे सारखं ठेवलं, वजन उतरू दिलं नाही. तरी ज्यांना प्रेशर होतं त्यांचा वरचा आकडा सरासरी 11 अंकांनी जास्त उतरला, आणि फरक पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागला. प्रेशरची एखादी गोळी जेवढं काम करते साधारण तेवढंच हे. म्हणून यजमानांना म्हणावं, गोळी चालूच ठेवा, पण तिला एकटीला ओढायला लावू नका.

पार्सलबद्दल मी स्पष्ट बोलते, तुमच्या मुलाने वाचलं तरी हरकत नाही. त्याची माया खरी आहे, वस्तू चुकीच्या आहेत. पुढच्या खेपेला बिस्किटाचा पुडा उलटा धरून 'घटक' वाचा. जो पदार्थ वजनाने सगळ्यांत जास्त तो पहिला लिहायचा, असा आपल्याकडे नियम आहे. मल्टिग्रेन म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ बिस्किटांवर पहिलं नाव मैदा किंवा गव्हाच्या पिठाचं, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी-ज्वारी पार खाली, कंसात दोन-चार टक्के. शुगरफ्री कुकीजमध्ये साखर नसली तरी मैदा असतोच, आणि मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते. ज्यूसमध्ये फळाचा चोथा गेलेला असतो. मधुमेह असलेल्या माणसाला तो नकोच, खोक्यावर काहीही छापलेलं असो. प्रोटीन पावडर तर यजमानांची किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, पाहिल्याशिवाय मुळीच नको. साधे ओट्स तेवढे बरे, ते अख्खं धान्य आहे. पण ज्या घराच्या मागे वरकस जमिनीत नाचणी होत होती तिथे ते विकत आणायचं कारण मला दिसत नाही.

2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साध्या जिनसांचं. समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ, चोथा सगळं जुळवलेलं होतं, खायचं किती ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. पाकिटातलं खाताना माणसं रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खात गेली, त्यांचं वजन दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. भूक भागल्याचा निरोप मेंदूला पोचायच्या आत हे पदार्थ पोटात गेलेले असतात, असं त्याचं एक कारण मानलं जातं. तुमच्या घरात चहाबरोबर खारी-बटर असेलच, तेही याच जातीचं.

तेव्हा मुलाला सांगा, पार्सल बंद कर आणि त्याच पैशांतून एकदा ग्लुकोमीटर आणि मग लागतील तशा पट्ट्या पाठव. जेवल्यावर दोन तासांनी साखर मोजली की कुठल्या ताटाने ती चढली हे यजमानांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. माझ्या कुठल्याही सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि मुलालाही तपासून घ्यायला सांगा. बापाला मधुमेह, मुलगा मुंबईत बसून काम करणारा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आढळले. उंबरठ्यावरच्यांसाठी आशा मोठी आहे. चेन्नईच्या डॉक्टरांनी 2006 मध्ये दाखवलं की नुसता आहार आणि हालचाल बदलून तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी झालं, गोळीने झालं असतं साधारण तेवढंच. चांगल्या खाण्याने पैसा सगळ्यांत जास्त कुणाचा वाचणार असेल तर तुमच्या मुलाचा.

आता चुलीपाशी येऊ.

कोकणी ताटात खोट एकच आहे आणि ती भाताच्या ढिगाची. बाकी सगळं सोनं आहे, पण वाढलं जातं चमच्याने. कुळथाची पिठीच घ्या. कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवलेलं पीठ. फोडणीला लसूण-मिरची, पाण्यात कालवलेलं पीठ, दोन आमसुलं, वर ओलं खोबरं. घरभर वास सुटतो. पण चार माणसांच्या पिठीत पीठ पडतं दोन-तीन डाव, बाकी पाणी. आणि ती इतकी चविष्ट की तिच्यासोबत भात दोनदा घेतला जातो. कुळथात शंभर ग्रॅममागे 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, ती पिठीतून माणशी जेमतेम चमचाभर मिळतात. म्हणून पिठी घट्ट करा, भाकरीशी खा, आणि आठवड्यातून दोनदा कुळथाला मोड आणून उसळ करा. चवळी, मूग, वाल यांचंही तसंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवीन मार्गदर्शिका काढली. तिच्यात मोठ्या माणसाला दिवसाला 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत, म्हणजे मोठी मूठभर कोरडी डाळ. मासे-अंडी असतील त्या दिवशी कमी चालेल. तुमच्या घरी तिघांत वरणाला किती डाळ घेता ते उद्या एकदा मोजा.

भात बंद करू नका. कोकणातल्या माणसाचा भात बंद केला की चार दिवसांत सगळं पथ्यच बंद पडतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. फक्त वाढण्याचा क्रम बदला. आधी भाजी आणि उसळ किंवा माशाचं कालवण, सोबत एक भाकरी, आणि शेवटी वाटीने मोजून भात. एक वाटी, सपाट. टोपातून पळीने वाढलं की अंदाज राहत नाही. तांदूळही शक्यतो उकडा किंवा लाल, न पॉलिश केलेला. उकडताना तुसाजवळची ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, ती तांदूळ कांडल्यावरही बरीचशी टिकतात. पांढऱ्या तांदळाऐवजी रोज 50 ग्रॅम अख्खा, तांबूस तांदूळ खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका 16 टक्क्यांनी कमी दिसल्याचं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत 2010 साली आढळलं होतं. पण लाल तांदूळही शेवटी तांदूळच. तो आहे म्हणून दोन वाट्या, असं होऊ देऊ नका.

नाचणीकडे वळताना एक सावधगिरी. आपल्याकडे आजारी माणसाला नाचणीचं सत्त्व देतात. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून ते काढतात, आणि फडक्यात जे उरतं ते फेकतात. यजमानांना हवाय तो नेमका तो चोथा. त्यांना सत्त्वाची खीर नको, अख्ख्या पिठाची भाकरी द्या, उकड काढून थापलेली. पातळ, शिजवून घोटलेलं काहीही साखर पटकन चढवतं, चावून खाल्लेलं सावकाश. सासूबाईंना मात्र आंबील चालेल, दातांचा प्रश्न असेल तर तीच बरी. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, त्यांच्या हाडांना ते हवंच. माकडं आणि डुकरं नाचणी ठेवत नाहीत म्हणून लोकांनी पेरणं सोडलं, हे ठाऊक आहे. परड्यात जमेल तेवढी करा, नाहीतर विकत घ्या. दोन हजारांच्या पार्सलपुढे नाचणीचा खर्च किरकोळ आहे.

मासळीबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! फक्त पाहुण्यांसाठी पापलेट-सुरमई आणि घरच्यांसाठी 'नुसते बांगडे' हा कमीपणा मनातून काढा. बांगडा, पेडवे, तारली ही तेलकट मासळी हृदयाला सगळ्यांत चांगली, आणि हंगामात लिलावात स्वस्तही तीच. बांगड्याचं तिखलं करा, तिरफळ घालून, जेमतेम तेलात. रवा लावून तळलेली तुकडी पंधरवड्यातून एकदा. जून-जुलैत मासेमारी बंदीच्या दिवसांत सुक्यावर भागवावं लागतं, तिथे जपून. खारवलेला बांगडा प्रेशरच्या दोन माणसांच्या घरात नकोच म्हणेन. नुसता उन्हात वाळवलेला जवळा बरा, तोही दोन पाण्यांत धुऊन. आणि त्याच दिवसांत परडं आणि माळ भरभरून देतात: टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला. फुकट मिळणाऱ्या या भाज्यांना आपण गरिबाचं खाणं मानत आलो. एका माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाजी हवी असं तीच मार्गदर्शिका सांगते. बाजारातून आणायची तर खिसा रिकामा होईल. माळावरून आणली तर नाही. चांगलं खाणं महाग पडतं हे शहरात बऱ्याच अंशी खरं आहे, तिथल्या एका खोलीत राहणाऱ्याला माझं हे उत्तर लागू होणार नाही. तुम्हाला होतं, कारण तुमच्याकडे परडं आहे आणि खाडी आहे.

मिठाचा हिशेब मात्र कागदावर करा. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे तुम्हा तिघांना महिन्याला 450 ग्रॅम. यात लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण सगळं आलं. मीठ घराघरांत किलोकिलोने संपतं. पुडा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख घाला, म्हणजे कळेल. कोकमाचं आगळ खारवलेलंच असतं, तेव्हा सोलकढीत वेगळं मीठ टाकू नका. सरबताला साखर लागते, ते यजमानांना नको. नारळ घरचा असतो म्हणून वाटपात हात सैल सुटतो. त्यातला स्निग्धांश बहुतेक घट्ट प्रकारचा, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारा. नारळ सोडा असं मी म्हणत नाही. वाटप निम्मं करा आणि ज्या भाजीत खोबरं आहे तिला तेल एक चमचा पुरे.

आणि देवगडात राहून हापूस बंद, असं मी सांगणार नाही. मोसमात अर्धा आंबा, कापून, आणि त्या जेवणातला भात अर्धा. आमरस नको.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. त्यांनी खाल्लेला भात उखळात कांडलेल्या तांदळाचा होता, सोबत नाचणी-वरी होती, आणि लावणीपासून झोडणीपर्यंत अंग मोडून काम होतं. पाणी डोक्यावरून यायचं. तसा भात पचवणारं काम आता तुमच्या यजमानांकडे नाही. त्या काळी किती जणांना साखर होती हे कुणी मोजलंही नव्हतं. सासूबाईंचं जेवण कमी करू नका, या वयात वजन उतरणं वाईट. त्यांना मऊ मासा, अंडं, घट्ट पिठी, ताक द्या. पथ्य एकच, मीठ.

एक गोष्ट फार महत्त्वाची, म्हणून वेगळी सांगते. भात कमी करण्याआधी यजमानांच्या डॉक्टरांना कळवा. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की जेवण कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि नंतर डॉक्टरांशी बोलायचं. स्वतःहून कुठलीही गोळी अर्धी करायची नाही, बंद करायची नाही, दोन महिने आकडे छान आले तरी नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर शहाळं, पालेभाज्या, आणि बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ यांबद्दल विचारूनच ठरवा. प्रेशरच्या काही गोळ्यांबरोबर ते मीठ घातक ठरतं.

गोळ्यांचं बिल खरंच आजच कमी करायचं असेल तर त्याचा जेवणाशी संबंध नाही. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा, पुष्कळ गोळ्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. साखर-प्रेशरची नेहमीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत असतात. साठा आहे का ते आशाताईंना विचारून जा, म्हणजे खेप फुकट जायची नाही.

आता तुम्ही.

46 व्या वर्षी घाटी चढताना दम लागणं ही तक्रारच आहे, ताई. रक्त कमी असेल, प्रेशर असेल, थायरॉइड असेल, क्वचित हृदयाचंही काही असेल. घरबसल्या मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही अंदाज करू नका. छातीत दाब वाटला किंवा बसल्या जागी दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं. आपल्या स्वयंपाकघरात त्याचं एक कारण रोज घडतं. मधली तुकडी यजमानांना आणि मुलांना, मऊ भाग सासूबाईंना, आणि रांधणारीच्या वाट्याला डोकं, शेपटी आणि कालवणाचं पाणी. उसळ संपलेली असते, भात उरलेला असतो. घरात कुणाचंही जेवण सुधारायचं तर वाढायची ही पद्धत आधी मोडावी लागेल. तुम्ही आडव्या झालात तर नाचणी थापणार कोण आणि यजमानांची साखर मोजणार कोण, या हिशेबानेही बघा. पण मला तो हिशेब पुरत नाही. तुम्ही राबता म्हणून नव्हे, तुम्ही त्या घरातलं एक माणूस आहात म्हणून तुमचं ताट भरलेलं हवं.

म्हणून वाढताना चार भांडी मांडण्याआधीच तुमच्या वाटीची उसळ आणि तुमची तुकडी बाजूला काढा, आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसा. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होईल. सासूबाई काही बोलल्या तर बोलू द्या, आठवड्यात सवय होते. टाकळा, शेवग्याचा पाला, कुळीथ, तिसऱ्या, सुकट यांत लोह आहे. त्यावर लिंबू पिळा, ते अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर मध्ये जाऊ द्या, चहाने लोह कमी शोषलं जातं. मात्र रक्त फारच कमी निघालं तर नुसत्या खाण्याने भरून येणार नाही, गोळ्या घ्याव्या लागतील आणि त्या आरोग्य केंद्रातच मोफत मिळतील.

तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर-प्रेशरची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते. या आठवड्यात यजमानांच्या गोळ्यांसाठी जाल, तेव्हा त्याच खेपेत आधी तुमचं प्रेशर, साखर आणि हिमोग्लोबिन करून घ्या. केसपेपर तुमच्या नावाने काढा. तीन महिन्यांनी यजमानांची एचबीएवनसी होईल, तेव्हा दोघांचे आकडे मला पाठवा. पुढे काय बदलायचं ते त्यावरून पाहू.